सावडीचा दर

रविवार, २३ फेब्रुवारी २००३. ठिकाण: गोरेगावहून पुढे जीपनं जावं लागतं ते सरांचं गाव, धुरपतामावशीचं शेत.

हजर: सर, त्यांचे थोरले भाऊ आण्णा, आण्णांच्या पत्नी, म्हणजे सरांच्या वहिनी, स्वतः धुरपतामावशी, आणि मी, सरांच्या कॉलेजची ग्रंथपाल.

गैरहजर: बाकीचं गाव.

कुठंही गेलं की आधी हजेरी टिपायची, ही माझी नोकरीतली सवय. त्या दिवशी वही काढायची गरज पडली नाही. पाच माणसं, चुलाणावर एक कढई, आणि शेजारी ओल्या हळदीचा ढीग. एवढी हळद पाच जणांच्या हातून एका दिवसात शिजवून निघत नाही, हे माझ्यासारख्या शहरातल्या बाईलाही कळत होतं. सर टोपली हातात धरून रस्त्याकडे बघत उभे होते. गावातल्या दहा-बारा घरांना ते स्वतः दारात जाऊन सांगून आले होते.

"येतील," ते मला म्हणाले. "हळद उकळायला लागली की वास गावात जातो. वासावर येतील."

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं वासावर भरवसा ठेवलेला मी तेव्हाच पाहिला.

नव्वदच्या दशकात मी हिंगोलीच्या त्या कॉलेजात रुजू झाले, तेव्हा सरांविषयी पहिली सूचना मला शिपायानं दिली होती. "मॅडम, त्या सरांनी पुस्तक परत केलं का बराबर तपासून घेत जा." मला वाटलं, पानं फाडतात की काय. तसं नव्हतं. सर पुस्तकात पेन्सिलीनं लिहायचे: "पान चाळीसनंतर वाचू नये. वेळ जातो, हाती काही लागत नाही." एका कादंबरीत शेवट जवळ आलेला असताना त्यांनी लिहिलं होतं, "इथे थांबल्यास समाधान सर्वाधिक." सुरुवातीला मी खोडरबर घेऊन बसायची. मग लक्षात आलं, की मुलं "सरांनी वाचलेलं हाय का?" असं विचारून पुस्तक नेतात. खोडणं बंद केलं.

लग्नाला सर कधी जात नसत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जात. मांडव सोडायचं काम चाललेलं असे, मुलीची आई डोळे सुजवून बसलेली असे, आणि सर येऊन अर्धा तास तिच्याजवळ बसत. "लग्नाच्या दिवशी हजार माणसांत मी एक. माझ्यावाचून काय अडतं? दुसऱ्या दिवशी मी एकटाच असतो. माझी किंमत तेव्हा जास्त." ऐकायला हे कसंतरीच वाटायचं. पण ज्या घरांत ते असे गेले, ती घरं त्यांना विसरली नाहीत. म्हणजे त्यांचं शास्त्र दर वेळी चुकायचं, असं नाही. तसं असतं तर सगळं सोपं झालं असतं.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "फुकट असं काही नसतं. पावती उशिरा येते, एवढंच." वर्गात, स्टाफरूममध्ये, एसटी स्टँडवर, कुठंही ते वाक्य येई. कुणी चहा पाजला तरी येई.

वाटीचा किस्सा सरांच्या पत्नींनी मला सांगितला. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. मी त्यांना ताई म्हणायची. शेजारी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई राहत. त्यांच्याकडून कधी खीर यायची, कधी शेंगुळे. आपल्याकडे आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. सरांनी ती पद्धत मोडली. वाटी लख्ख घासून, रिकामी, स्वतः नेऊन द्यायला लागले. नर्सबाईंना त्यांनी समजावलं: आम्ही भरून दिली की तुम्हाला पुन्हा भरून देणं भाग पडतं, मग आम्हाला. हे कुठंतरी थांबलं तर दोन्ही घरांचा वेळ वाचेल.

नर्सबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुमचं बराबर हाय. पण वाटी अशी परत आली का मुकं माणूस घरी आल्यावानी वाटतंय."

वाट्या थांबल्या. दोन्ही घरांचा वेळ वाचला. त्या वाचलेल्या वेळात नर्सबाई दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांकडे बसायला लागल्या, असं ताई म्हणाल्या. त्या हे हसत सांगत होत्या, पण दर वेळी सांगताना हसू थोडं कमी होत गेलं.

आता सावडीचं.

राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर एका वर्षी सरांच्या गावी नेलं. भांड्यांची, सतरंज्यांची, मुलींच्या औषधांची यादी माझ्याकडे, म्हणून मीही गेले. हळदीचे दिवस जवळ आले होते आणि गावात सावडीची बोलणी चालली होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: ज्यांचे बांध एकमेकांना लागून आहेत, ती घरं हळद काढायला आणि शिजवायला पाळीपाळीनं एकमेकांकडे जात. आज तुमच्याकडे आम्ही, उद्या आमच्याकडे तुम्ही. मजुरी नाही. ज्याच्याकडे काम, त्यानं जेवण घालायचं.

सरांनी चार दिवस नुसतं बघितलं आणि त्यांना त्यात अन्याय दिसला. खरोखरच दिसला, मला आजही तो दिसतो. धुरपतामावशी विधवा, मूल म्हणजे एक लेक, तीही लग्न होऊन गेलेली. मावशीची हळद चार वाफ्यांची. सगळ्यांचे हात लागले की ती शिजायला अर्धा दिवस पुरे. आणि त्या अर्ध्या दिवसासाठी ती सगळ्यांच्या शेतात पंधरा-पंधरा दिवस राबायची. आण्णांची हळद सर्वांत जास्त, म्हणजे सरांच्या स्वतःच्या घरालाच तिचे श्रम फुकट मिळत होते. सर शिबिराच्या शेवटच्या दिवशी देवळासमोर उभे राहिले आणि स्वतःच्या भावाच्या विरोधात बोलले. सावड राहू द्या, ते म्हणाले, पण ज्याच्याकडे जास्तीचे दिवस जातात त्यानं त्या दिवसांचे पैसे द्यायचे. दर ठरवा.

आण्णा म्हणाले, "अरे, सावडीला कुठं दर असतोय का?"

"असतो आण्णा. तो धुरपतामावशी भरते. म्हणून तुला दिसत नाही."

मावशी मागं बायकांत बसली होती, तिनं पदर तोंडावर घेतला. लाजेनं की कशानं, ते मला सांगता येत नाही. शेवटी आण्णांनीच मान डोलावली आणि दर ठरला.

पहिल्या वर्षी सगळं छान झालं. मावशीच्या हातात पैसे आले, तिनं घरावरचे पत्रे बदलले. सर वर्गात हे उदाहरण द्यायला लागले. फळ्यावर वाफे काढायचे, दिवस काढायचे. विद्यार्थी टाळ्या वाजवायचे.

दुसऱ्या वर्षी आण्णांच्या शेजाऱ्यानं स्वतः न येता रोजंदारीचा माणूस पाठवला. माणसाचा दर तर मी भरलाच आहे, मग मी काहून येऊ? तिसऱ्या वर्षी वाळत घातलेल्या हळदीवर भर दुपारी आभाळ आलं. आधी असं झालं की सगळी घरं आपापली कामं टाकून धावायची. त्या दिवशी कुणी धावलं नाही. आभाळाचा दर ठरलेला नव्हता. वहिनी एकट्या ताडपत्री ओढत होत्या, आणि पलीकडच्या बांधावरून दोघं जण बघत होते. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. बोलावलं नाही, तर जावं कसं, एवढंच.

आणि मग मावशी. सावडीत एक गोष्ट होती, जी कुणी कधी बोलून दाखवत नसे. पहिली चूल सर्वांत लहान घराची पेटायची. मोठ्या घरची हळद चार दिवस थांबू शकते. चार वाफेवाली बाई थांबू शकत नाही. म्हणून हंगामाची सुरुवात मावशीच्या शेतापासून व्हायची, दर वर्षी, कुणी न सांगता. दर आला आणि पाळी पैसे देणाऱ्याच्या ऐपतीनं लागायला लागली. मावशीच्या अर्ध्या दिवसासाठी कढई तिच्या शेतापर्यंत हलवणं कुणाला परवडेना. "पुढच्या आठवड्यात बघू मावशी." काढलेली हळद ढिगात पडून राहिली, तिला कोंब आले, खालची सडली. असं लागोपाठ दोन वर्षं झालं. मग तिनं हळद लावणं सोडलं आणि लेकीकडे कनेरगाव नाक्याला निघून गेली.

हे सरांना उशिरा कळलं. पेपर तपासायला वाशीमला निघाले होते, नाक्यावर एसटी थांबली, म्हणून पाय मोकळे करायला उतरले. ढाब्याच्या मागच्या बाजूला मावशी चुलीपुढं भाकरी थापत बसली होती.

तिनं ओळखलं. "सर, जेवून घ्या. गरम हाय."

ते जेवले. एसटी निघून गेली. पेपर तपासायला त्या दिवशी ते गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात येऊन माझ्या टेबलासमोर बसले. हातात पुस्तक नव्हतं. म्हणाले, "मॅडम, पहिली चूल लहानाची, हे मला माहीत होतं. लहानपणी त्या चुलीवर मीच पाणी नेऊन ओतायचो. पण हिशोबात धरलं नाही. त्याला नावच नव्हतं हो. ज्याला नाव नाही ते मांडायचं कुठं?"

मी व्यवहारी बाई. म्हटलं, "मग आता दर काढून टाका."

"हो," ते म्हणाले. "तेच करायचंय."

दर लावायला एक संध्याकाळ पुरली होती. काढायला त्यांनी तीन वर्षं घालवली. दर शनिवारी दुपारी गोरेगावची जीप धरायची, रविवारी घरोघर फिरायचं. माणूस दिसला की सावडीविषयी बोलायचं. गावाला वाटलं, सर जिल्हा परिषदेला उभे राहणार. एकानं त्यांना चिन्ह कोणतं मिळणार तेही विचारलं. आण्णा म्हणायचे, "आधी मोडून ठेवलं, आता जोडायला येऊन राहिलाय. सोड ना." तरी सर मावशीला नाक्यावरून परत घेऊन आले, तिच्या वाफ्यांना बेणं लावून दिलं, आण्णांच्या विहिरीचं पाणी दिलं. या वर्षी पहिली चूल पुन्हा मावशीची, असं सगळ्यांना सांगून आले. तोच हा रविवार.

दुपारी तांड्यावरचे नाईककाका बांधावर आले. त्यांचं शेत मावशीच्या शेताला लागून. खाली उतरले नाहीत, वरच उभे राहिले.

"सर, दर काय धरला?"

"दर नाही काका. जुनी सावड."

"म्हणजे उधारी."

"उधारी नाही. आज तुम्ही इथं, उद्या आम्ही तुमच्याकडे."

"तुमी माझ्याकडं?" काका हसले. "तुमी हळद काढून राहिले का वर्गात शिकवून राहिले? तो जाळ बघा, एकाच अंगाला लागलाय. वरची कच्ची राहीन."

सरांनी घाईनं लाकडं सारली. काकांनी बिडी पेटवली आणि बांधावर बसले.

"मग या ना खाली," सर म्हणाले.

काकांनी बिडीचा एक झुरका घेतला. "येऊ न्हाई वाटत असं न्हाई," ते म्हणाले. "पण आता फुकट आलो ना सर, तर लोकं म्हणतील याच्या हाताला भाव न्हाई. पहिलं असं वाटत नव्हतं. तवा भावच नव्हता कशाला." बिडी विझवून ते उठले. "जाळाचं सांगितलं त्याचे पैसे लावू नका बरं."

ते गेल्यावर सर रस्त्याकडे बघायचे थांबले. खाली मान घालून टोपल्या उचलायला लागले. साठीला आलेला माणूस, हातांना फोड आलेले. वास गावात गेला असणार. कुणी आलं नाही.

ऊन कललं तोपर्यंत निम्मी हळद शिजली. उरलेली आण्णा आणि वहिनी दुसऱ्या दिवशी करणार होते. आम्हाला जीप गाठायची होती. हातपाय धुतले, मावशीनं भाकरी आणि पिठलं वाढलं, जेवलो. निघताना मावशी समोर येऊन उभी राहिली.

वहिनींना म्हणाली, "तुमचा दिस राहिला माझ्याकडं. आण्णाचाबी." वहिनी म्हणाल्या, "व्हय, आमची निघाली का येजो."

मग माझ्याकडे वळली. "बाई, तुमचाबी एक दिस राहिला. तुमाला शेत न्हाई, पर काम निघालं का सांगा. मी येते."

मी हो म्हटलं. बोलायचं म्हणून.

मग तिनं पदराची गाठ सोडली. त्यातली नोट काढून सरांपुढं धरली. "सर, तुमची मजुरी."

सरांना काही समजेना. "मावशी, मला कशाला?"

"तुमाला दिस ठेवलेला चालत न्हाई ना. तुमीच सांगितलं व्हतं देवळापुढं. मी ध्यानात ठेवलं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी नीट ऐकत होते. असता तर कळला असता. ती त्यांचा मान राखत होती. ज्याला जे आवडतं, ते त्याला द्यावं, इतकंच तिच्या मनात होतं.

"मावशी, माझाही दिवसच ठेवा," सर म्हणाले. "वहिनीचा ठेवला तसा."

मावशी ओशाळली. आपलं काही चुकलं असं वाटून तिनं आण्णांकडे बघितलं. नोट तशीच पुढं.

आण्णा म्हणाले, "घे. न घेतली तर तिच्यावर उपकार व्हतो. तो तिला कशाला?"

सरांनी नोट घेतली. कशी घेतली, ते मला अजून दिसतं. दोन्ही हात पुढं करून, देवळात प्रसाद घ्यावा तशी. जीपमध्ये ती त्यांच्या मुठीतच होती. गोरेगाव आलं. मग म्हणाले, "पाच जणं होतो मॅडम. चौघं सावडीत आणि एक मजूर."

त्यानंतर ते शिकवत राहिले, पण फळ्यावर वाफे काढले नाहीत. त्यांच्या पुस्तकांत पेन्सिलीची वाक्यं येईनाशी झाली. मुलं विचारायची, "सरांनी हे वाचलं का नाही?" मला सांगता यायचं नाही. हळदीच्या दिवसांत ते गावी जात आणि कुणाच्याही शेतात टोपल्या उचलत. लोक संध्याकाळी मजुरी देत आणि ते घेत. नाही म्हणून त्यांनी पुन्हा कुणाला अडचणीत टाकलं नाही. सावड काही परत आली नाही. पुढं गावात हळद शिजवायचा बॉयलर आला, तो भाड्यानं मिळतो.

निवृत्तीच्या दिवशी सर ग्रंथालयात शेवटची पुस्तकं परत करायला आले. मी नावासमोर खुणा केल्या. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे तिचा एक दिवस आहे."

"कुणाचा?"

"धुरपतामावशीचा. वहिनीनं तिचा दिवस घेतला, आण्णानं घेतला. तुमचा राहिलाय. तिला बोलवा. काहीतरी काम काढा. मला मागता येत नाही, माझे पैसे फिटलेत. तुम्हाला येतं."

मी म्हटलं, बोलावते. त्यांनी दारातून वळून पुन्हा सांगितलं, "खरं काम काढा हं. खोटं तिला लगेच कळेल."

खरं काम. मी घरी येऊन विचार केला. माझं घर दोन खोल्यांचं, सगळं जागच्या जागी. धुणंभांड्याला बाई आहे. पापड, शेवया बचतगटाकडून येतात. घरी करण्यापेक्षा स्वस्त पडतात. माझं असं कुठलंच काम नव्हतं, ज्याला दुसऱ्या माणसाची गरज लागावी. तसं नसावं म्हणूनच तर मी इतकी वर्षं याद्या करत आले. मागायचं काय, तेच सुचेना. वर्ष गेलं. आणखी एक गेलं. गेल्या पावसाळ्यात सर वारले. बातमी ऐकून मावशी हिंगोलीला आली, ताईंजवळ बसली. दहाव्यापर्यंत राहिली, स्वयंपाकघर तिनंच सांभाळलं. जाताना जीपमध्ये चढता चढता तिनं मला विचारलं, "बाई, काम निघालं का न्हाई अजून?"

"उन्हाळ्यात कुरडया करायच्यात," मी म्हणाले. तोंडाला येईल ते बोलले. पण बोलल्यावर वाटलं, हे होण्यासारखं आहे. कुरडया एकटीनं होत नाहीत. चीक ढवळायला एक लागते, सोऱ्या दाबायला दुसरी. नर्सबाई अजून ताईंच्या शेजारीच राहतात. त्यांना सांगता येईल, ताईंना सांगता येईल. गच्ची मोकळी आहे.

मावशी म्हणाली, "गहू तीन दिस भिजू घाला. मंग निरोप धाडा."

उन्हाळा लागून महिना झाला. सोऱ्या विकत आणलाय, ताईंना बोलून ठेवलंय. गहू अजून भिजत घातलेले नाहीत.